आपल्या गल्लीतून बस मागू नका

सकाळी सातच्या सुमाराला पिंप्राळ्याच्या चौकात उभं राहा. एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात, डाळमिलमध्ये पहिल्या पाळीला जाणाऱ्या बाया डबे घेऊन थांबलेल्या असतात. हुडको वसाहतीतून धुण्याभांड्याच्या कामाला शहरात निघालेल्या मावशा असतात. क्लासला जाणाऱ्या मुली असतात. सिव्हिलला निघालेलं एखादं म्हातारं जोडपं असतं, हातात एक्स-रेची मोठी पिशवी. रिक्षा येते. मागे चार, पुढे चालकाच्या दोन्ही बाजूंना एकेक. भरली की सुटते, भरेपर्यंत थांबते. म्हातारबाबांना मागे जागा मिळत नाही, पुढे बसवत नाही, म्हणून ते पुढच्या रिक्षाची वाट बघतात. त्या रिक्षालाही भरायला वेळ लागतो.

हे दृश्य मी इतकी वर्षं पाहतोय की त्यात काही चुकतंय हे जाणवणंच बंद झालं होतं. परवा बारावीतल्या पुतणीने विचारलं, "काका, जळगावला बस का नाही?" मी म्हणालो, "होती." ती म्हणाली, "मग गेली कुठे?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री हा लेख लिहायला घेतला.

जळगावात शहर बस होती. पिंप्राळ्यापर्यंत यायची. ती कधी बंद झाली असं आज दहा जणांना विचारलंत तर दहा वेगळी उत्तरं मिळतील, कारण ती एका दिवसात बंद झाली नाही. आधी दुपारची फेरी दिसेनाशी झाली. मग संध्याकाळची शेवटची. नंतर वेळेचा भरवसा उरला नाही. ज्यांना परवडलं त्यांनी हप्त्यावर गाडी घेतली आणि ज्यांना परवडलं नाही ते रिक्षात दाटीने बसू लागले. ती थांबली त्या दिवशी एकही मोर्चा निघाल्याचं मला आठवत नाही. मीही निघालो नव्हतो. पाण्याचा टँकर दोन दिवस आला नाही तर आपण महापालिकेच्या सतरा मजली इमारतीसमोर हंडे वाजवतो. बस गेली तेव्हा एक हंडाही वाजला नाही.

ती बस आता परत मिळायची वेळ आली आहे, आणि ती दुसऱ्यांदा गमवायची भीतीही आत्ताच आहे, म्हणून हे सगळं आज लिहितोय.

केंद्रीय मंत्रिमंडळाने १६ ऑगस्ट २०२३ रोजी 'पीएम ई-बस सेवा' योजनेला मंजुरी दिली. देशभरातल्या शहरांसाठी १०,००० विजेवरच्या बस. एकूण खर्च ५७,६१३ कोटी, त्यातला केंद्राचा वाटा २०,००० कोटी. तीन लाखांवर लोकसंख्या असलेली शहरं यात धरली आणि जळगावच्या वाट्याला ५० बस मंजूर झाल्या. बस विकत घ्यायची नाही, ती ठेकेदाराने आणायची, चालवायची, आणि धावलेल्या किलोमीटरमागे त्याला पैसे द्यायचे, असा व्यवहार आहे. मोठ्या १२ मीटरच्या बसला केंद्र किलोमीटरमागे २४ रुपये देतं, मधल्या आकाराच्या बसला २२ आणि लहान बसला २०. उरलेली रक्कम तिकिटातून आणि तिकीट पुरलं नाही तर महापालिकेच्या तिजोरीतून.

आता ५० या आकड्याकडे नीट बघू. केंद्राच्या नगरविकास खात्याने शहर वाहतुकीसाठी मापदंड ठरवले आहेत. हजार लोकसंख्येमागे ०.६ बस असल्या तर सेवा चांगली. ०.२ पेक्षा कमी असल्या तर सगळ्यात खालची पायरी. २०११ च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या ४,६०,२२८ होती. त्या हिशेबाने आपल्याला सुमारे २७६ बस हव्यात. ५० बस म्हणजे हजारामागे ०.११. लोकसंख्या वाढली आहे हे धरलं तर त्याहूनही कमी. थोडक्यात, पन्नासच्या पन्नास रस्त्यावर धावल्या तरी आपण खालच्याच पायरीवर असू. म्हणून त्या कशा वापरायच्या हा प्रश्न त्या आणण्याइतकाच मोठा आहे.

आणि इथेच मला माझ्याच शेजाऱ्यांशी, पिंप्राळ्याच्या लोकांशी, थोडं कडू बोलायचं आहे.

बस सुरू व्हायची म्हटलं की पहिली मागणी काय असते? आमच्या कॉलनीतून बस जाऊ द्या. आमच्या वॉर्डातून, आमच्या शाळेवरून, आमच्या मंदिरासमोरून. निवेदनं निघतात, सह्या गोळा होतात, नगरसेवक फोन करतात. मागणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण त्या मागणीनेच बस मरते. कसं ते कागदावर मांडतो, पडताळून पाहा.

समजा एक मार्ग दहा किलोमीटरचा आहे. गर्दीच्या रस्त्यावर बसची सरासरी गती ताशी १५ किलोमीटर धरली तर एका बाजूला ४० मिनिटं लागतात. दोन्ही टोकांना दहा-दहा मिनिटं थांबा. म्हणजे एक पूर्ण फेरी १०० मिनिटांची. दर दहा मिनिटांनी बस हवी असेल तर त्या एका मार्गाला दहा बस लागतात. पन्नासमधल्या पाच बस दुरुस्तीसाठी, चार्जिंगसाठी बाजूला ठेवा. उरल्या ४५. म्हणजे दहा मिनिटांची बस फक्त चार मार्गांवर देता येते, आणि हाताशी पाच बस उरतात. पंधरा मिनिटांनी चालेल असं म्हटलं तर मार्गाला सात बस पुरतात आणि सहा मार्ग होतात. याच ४५ बस सगळ्यांना खूश करण्यासाठी वीस मार्गांवर वाटल्या तर प्रत्येक वाट्याला दोन. मग बस येते पन्नास मिनिटांनी. थांब्यावर कधीही गेलात तरी सरासरी पंचवीस मिनिटं थांबायचं. मे महिन्यातल्या जळगावात. पारा ४५ च्या वर.

पन्नास मिनिटांनी येणाऱ्या बससाठी कोणी थांबत नाही. जो थांबत नाही तो रिक्षात बसतो. बस रिकामी जाते. ठेकेदाराला पैसे मिळतातच, कारण ते किलोमीटरवर आहेत, पण तिकिटाचा गल्ला भरत नाही आणि फरक महापालिकेला सोसावा लागतो. मग कोणीतरी सभेत उठून म्हणतं, एवढा तोटा कशाला, फेऱ्या कमी करा. फेऱ्या कमी झाल्या की पन्नासची ऐंशी मिनिटं होतात. मागच्या वेळी पिंप्राळ्याच्या थांब्यावर उभं राहून मी हीच घसरण पाहिली, फक्त तेव्हा तिचा अर्थ कळला नव्हता.

म्हणून माझी विनंती अशी आहे: आपल्या गल्लीतून बस मागू नका. मोठ्या रस्त्यावरून दर दहा मिनिटांनी बस मागा, आणि तिथपर्यंत पाच-सात मिनिटं चालायची तयारी ठेवा. मला विचाराल तर शहराचे कणा म्हणता येतील असे रस्ते मोजकेच आहेत. एक राष्ट्रीय महामार्ग: खोटेनगर, आकाशवाणी चौक, इच्छादेवी, अजिंठा चौफुली, पुढे एमआयडीसी. तोच महामार्ग उलट्या दिशेने गिरणा ओलांडून बांभोरीला विद्यापीठापर्यंत जातो, जिथे दररोज मुलांची वर्दळ असते. दुसरा आपला: पिंप्राळा, रेल्वे स्टेशन, बाजारपेठ, नवीन बसस्थानक, सिव्हिल. रेल्वेच्या पलीकडच्या शिवाजीनगर-कानळदा रस्त्याच्या वस्तीलाही एक हवा. नेमकी आखणी जाणकारांनी करावी. आपण फक्त एवढ्यावर ठाम राहायचं की मार्ग थोडे असतील आणि त्या मार्गांवरची बस भरवशाची असेल.

पिंप्राळा या मागणीत पुढे असायला हवा, त्याला कारण आहे. पिंप्राळा मूळचं स्वतंत्र गाव, पुढे शहरात आलं, पण मध्ये रेल्वेचे रूळ राहिले. फाटक पडलं की शहर पंधरा मिनिटं लांब जायचं. शाळेतली मुलं, बाळंतीण, ॲम्ब्युलन्स, सगळे एका रांगेत. त्या फाटकासाठी इथल्या लोकांनी अनेक वर्षं पाठपुरावा केला. आता उड्डाणपूल झाला. पुलावरून जाताना अजूनही बरं वाटतं. पण पुलाचा फायदा ज्याच्याकडे गाडी आहे त्याला मिळाला. हुडकोतली बाई आजही चौकातच उभी आहे. सरकारने एवढे पैसे घालून बांधलेल्या त्या पुलावरून बस गेली तर तो तिचाही होईल.

माझ्या ओळखीच्या एक मावशी तीन घरची कामं करतात. तीन घरं शहरात तीन ठिकाणी. जाता-येता त्यांचे रिक्षाला जेवढे पैसे जातात तेवढ्यात एका घरचं काम फुकट केल्यासारखं होतं, असं त्या स्वतःच म्हणाल्या. त्यांनी तक्रार केली नाही, हिशेब सांगितला. महिलांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. अर्ध्या तिकिटानंतर आपल्या बायका किती फिरायला लागल्या हे भुसावळ, चोपडा, जामनेरच्या गाड्यांत बसलेल्या कुणालाही सांगायला नको. माहेरी जाणं सोपं झालं, देवदर्शन झालं, बाजार झाला. मग त्याच बाईला पिंप्राळ्याहून सिव्हिलला जाताना पूर्ण तिकीट का? शहर बसमध्ये महिलांना, ज्येष्ठांना सवलत आणि विद्यार्थ्यांना मासिक पास पहिल्या दिवसापासून असावा, ही मागणी बस धावण्याआधी झाली पाहिजे. दर एकदा ठरले की ते बदलायला वर्षं जातात.

बाहेरच्या शहरांकडून शिकण्यासारखं बरंच आहे, पण मी दोन-तीनच गोष्टी सांगतो. नाशिकमध्ये ८ जुलै २०२१ ला सिटीलिंक सुरू झाली. बस चांगल्या, मार्ग बरे, लोकांनी त्या स्वीकारल्या. तरी तिथे बस पुन्हा पुन्हा बंद पडली, कारण ठेकेदाराने वाहकांचे पगार थकवले आणि वाहक संपावर गेले. सकाळी थांब्यावर आलेल्या नाशिककराला दोष कुणाचा हे ठाऊक नसतं, त्याला फक्त बस आली नाही एवढं कळतं. मुंबईत बेस्टची पहिली बस १५ जुलै १९२६ ला धावली. शंभर वर्षांच्या उंबरठ्यावर ती संस्था स्वतःच्या बस कमी करत भाड्याच्या बसवर गेली आणि काही ठेकेदार मुदतीआधीच निघून गेले. मी ठेक्याच्या विरोधात नाही. जळगाव महापालिकेने हुडकोच्या कर्जाचं ओझं किती वर्षं वाहिलं ते आपण सगळे जाणतो, तिने स्वतः पन्नास बस विकत घ्याव्यात असं म्हणणं मला प्रामाणिक वाटत नाही. पण करारात चालक-वाहकांचा पगार ठरल्या तारखेला जमा झालाच पाहिजे, आणि नाही झाला तर ठेकेदाराच्या बिलातून कापून थेट कामगारांना द्यायचा, असं कलम हवं. फेरी चुकली तर दंड हवा. तो करार मराठीत लोकांसमोर यायला हवा. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. एक अर्ज आणि दहा रुपयांचा स्टँप, तेवढ्यात कराराची प्रत मागता येते.

तिसरं शहर खानदेशाच्या जवळचं, सुरत. आपली किती माणसं तिथे आहेत! उधना, लिंबायत, नवागाम, अर्धं खानदेश तिथे राहतं. २०१४ पासून उधना ते सचिन या रस्त्यावर बससाठी वेगळी मार्गिका झाली. सुरतहून सुटीला गावी आलेला आपला भाचा तिथल्या बसने कामाला जातो आणि जळगाव स्टेशनला उतरला की पिंप्राळ्याला यायला रिक्षावाल्याशी घासाघीस करतो. त्याला विचारा बस असली की काय फरक पडतो. सुरतेएवढे रुंद रस्ते आपल्याकडे नाहीत. तरी निदान चौकातल्या सिग्नलजवळ आणि थांब्याजवळ बसला जागा मोकळी ठेवणं आपल्याला जमेल. थांब्यासमोर दुचाक्या आणि हातगाड्या लागल्या की बस रस्त्याच्या मध्यात उभी राहते आणि मागचा सगळा रस्ता अडतो. दोष मात्र बसला मिळतो.

रिक्षावाल्या भावांबद्दलही बोललं पाहिजे. बस आली की आपलं पोट जाईल ही त्यांची भीती खोटी नाही. त्यांच्यातले कितीतरी पिंप्राळ्याचेच आहेत, आपल्या आळीतले आहेत. पण गल्लीतून मोठ्या रस्त्यापर्यंत माणसं आणण्याचं काम बस करू शकत नाही, रिक्षाच करते. मोठ्या थांब्यांजवळ रिक्षांना पक्का स्टँड मिळाला, गल्लीतल्या छोट्या फेऱ्यांचे दर ठरले तर दोघांचंही भागेल. ही चर्चा बस सुरू होण्याआधी रिक्षा संघटनांना समोर बसवून व्हावी. बस रस्त्यावर आल्यानंतर झाली तर ती भांडणात होईल.

आधुनिकीकरण म्हटलं की सगळे मोबाईल ॲपबद्दल बोलतात. ॲप असावं, बस कुठे आहे ते दिसावं, यूपीआयने तिकीट मिळावं. पण त्याआधी मला थांब्यावर रंगवलेला वेळेचा फलक हवा, मोठ्या अक्षरात, मराठीत. एक्स-रेची पिशवी घेतलेल्या त्या आजोबांना ॲप वापरता येत नाही. आणि फलकाच्या वर सावली हवी. आपल्याकडे बसथांबा म्हणजे बहुतेकदा जाहिरातीची चौकट आणि तिच्या खाली तापलेला लोखंडी बाक. मेमध्ये त्यावर हात ठेवून बघा. थांब्यांवर झाडं, जाड छप्पर आणि एक माठ एवढं झालं तरी प्रवासी टिकतील.

उन्हाचा एक उपयोगही आहे, तो कोणी लक्षात घेतलेला दिसत नाही. विजेवरची बस वातानुकूलन चालवत दुपारी धावली की बॅटरी लवकर उतरते. आणि उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार आपलं शहर आपोआप रिकामं होतं, दुकानांची शटरं अर्धी खाली येतात. याच वेळी निम्म्या बस डेपोत चार्जिंगला लावल्या आणि सकाळ-संध्याकाळ सगळ्या रस्त्यावर ठेवल्या तर त्याच ५० बसमधून जास्त सेवा निघते. हे वेळापत्रक जळगावचं ऊन ओळखणारा माणूसच करू शकतो. म्हणून महापालिकेत पूर्णवेळ परिवहन व्यवस्थापक हवा, दुसऱ्या चार खात्यांचा भार सांभाळून उरल्या वेळात बस बघणारा अधिकारी नको. महापालिका अधिनियमात परिवहन समितीची आणि परिवहन व्यवस्थापकाची तरतूद १९४९ पासून आहे. ती वापरायला सांगणं हा आपला हक्क आहे. महापालिकेच्या अंदाजपत्रकात बससाठी वेगळा, कायमचा निधीही असला पाहिजे. रस्त्यावरचे दिवे तोट्यात आहेत असं आपण कधी म्हणत नाही. बसच्या बाबतीतही तो शब्द जपून वापरू या.

आषाढी एकादशीला पिंप्राळ्यात रथ निघतो. प्रतिपंढरपूर म्हणतात आपल्या गावाला. त्या दिवशी कोणी कुणाला बोलवत नाही, सगळे येतात. रथ ओढायला शेकडो हात असतात, आणि चाकाखाली मोगरी लावणारे मोजके लोक असतात, ज्यांचं लक्ष चाकावरून क्षणभरही हलत नाही. रथ वळवायचा, आवरायचा, थांबवायचा तो त्यांनी. मोगरीवाल्यांना टाळ्या मिळत नाहीत, पण ते नसतील तर रथ कुणाच्या तरी अंगावर जाईल. शहर बसचं उद्घाटन होईल तेव्हा ओढणारे हात पुष्कळ असतील, फुलं असतील, फोटो असतील. मला मोगरी लावणारी माणसं हवी आहेत.

त्यांचं काम साधं आहे. प्रत्येक मोठ्या थांब्यावर दोन-तीन माणसांनी आठवड्यातला एक दिवस वाटून घ्यायचा आणि सकाळी सात ते नऊ तिथे बसायचं. निवृत्त शिक्षक, कॉलेजची मुलं, बचत गटातल्या ताई, कोणीही. वहीत लिहायचं: कोणती बस, ठरलेली वेळ, आलेली वेळ, किती चढले, किती जागा नाही म्हणून राहिले. महिन्याच्या शेवटी सगळ्या थांब्यांच्या वह्या एकत्र करून एक पान महापालिकेला, एक ठेकेदाराला, एक वर्तमानपत्रांना द्यायचं. "बस कधीच वेळेवर येत नाही" असं म्हटलं तर कोणी ऐकत नाही. "आकाशवाणी चौकात या महिन्यात सकाळी आठच्या बसच्या इतक्या फेऱ्या आल्या, इतक्या आल्या नाहीत" असं लिहून दिलं तर उत्तर द्यावं लागतं. फेरी कमी करायचा विचार कुणाच्या मनात आला तरी त्या वह्या त्याच्यासमोर असतील. मागच्या वेळी आपल्याकडे त्या नव्हत्या.

आणि बसमध्ये बसायचं. ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनीही, आठवड्यातून निदान एक दिवस. पहिल्या काही महिन्यांत बस भरलेली दिसली पाहिजे, कारण तिचं भवितव्य त्या महिन्यांत ठरतं. एमआयडीसीतल्या कारखानदारांनी पाळ्यांच्या वेळा महापालिकेला कळवाव्यात. महाविद्यालयांनी मुलांच्या पासची यादी आधीच तयार ठेवावी. पिंप्राळ्याच्या मंडळांनी या वर्षी देखाव्याच्या फलकावर एक ओळ लिहावी: दर दहा मिनिटांनी बस हवी.

पुतणीला मी अजून उत्तर दिलेलं नाही. एक वही मात्र आणली आहे. पहिल्या पानावर तिने पट्टीने रकाने आखून दिले आणि वर लिहिलं, "थांबा: पिंप्राळा". सोमवारची सकाळ माझी. मंगळवार कोण घेतं ते सांगा.